त्या दिवशीची हवा

आये,

तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. तू होतीस तोवर तुला एक ओळ लिहिली नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. परदेशातून चिठ्ठी पाठवली असती तर तू ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेतली असतीस आणि दिवे लागायच्या आत सगळ्या पालेगावाला ती तोंडपाठ झाली असती. तुझ्या पोटात काही राहत नाही, असं मी जन्मभर समजत आले. नुसतं समजत नव्हते, लोकांना हसत हसत सांगतही होते. गेल्या महिन्यात बदलापूरला माझ्या नेमबाजीच्या सरांना भेटायला गेले आणि माझं ते समजणं साफ खोटं निघालं. तेव्हापासून डोक्यात तुझ्याशी भांडण चाललंय. आज म्हटलं, कागदावरच भांडावं.

आपली खाचरं होती तिथे आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत मी राहते. गॅलरीतून खाली बघितलं की जिथे गाड्या उभ्या असतात तिथे मला तू दिसतेस. भात कापून झालेलं आहे, शेत मोकळं आहे, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट खोचून तू बांधावर उभी आहेस आणि पायाशी करवंट्यांनी भरलेली टोपली. समोर मी, खांद्याला मुसळ लावून. कॉलेजातल्या नेमबाजीच्या शिबिरात सरांनी मला निवडलं होतं, पण बंदूक रेंजवरच राहायची आणि रेंज होती घाटापलीकडे. मधल्या दिवसांत बंदूक खांद्याला लावायची सवय मोडू नये म्हणून सर म्हणाले होते, घरी एखादी जड काठी घेऊन सराव कर. तू काठी बघितलीस, नाक मुरडलंस आणि उखळाजवळचं मुसळ आणून माझ्या हातात दिलंस. मी आवाज द्यायचा, तू करवंटी भिरकावायची, आणि मुसळाचं टोक त्या करवंटीच्या वाटेवर न्यायचं. बाबा नुकतेच गेले होते. त्या वर्षी आपण दोघी मोठ्यानं हसायचो ती एवढ्या वेळेलाच.

रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. "धवलारीन बाईची पोर येरी झाली," असं मला वेडी ठरवत कुणीतरी म्हणालंही. तू करवंटी हातात तशीच धरून त्याला ऐकवलंस, "येरी नाय झाली, हिंदुस्थानची होनार हाय. तुजे लग्नान मीच धवला गायलेला ना रं? मंग माजे पोरीला नाव ठेवताना लाज नाय वाटत?" तुझ्याशी वाद घालायची कुणाची छाती होती? गावातल्या निम्म्या घरांची लग्नं तू लावलेली. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, प्रत्येक धवला तुझ्या गळ्यात, आणि तू सुरू केल्याशिवाय भटजीसुद्धा पुढे सरकत नसे. तुझा आवाज मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत जायचा. आणि तुझ्या पोटी मी जन्मले, जिचा आवाज समोरच्या माणसालाही ऐकू येत नव्हता. मी करवंटीसाठी आवाज दिला की तू कानाला हात लावायचीस. "काय बोलली गो? मना वाटला मच्छर आला." पुन्हा. पुन्हा. करवंटी काही सुटायची नाही. माझा घसा बसायचा, तुझा हात दुखायचा, आणि मग घरी येऊन तांदळाची भाकरी आणि सुकट.

हा खेळ काय आहे हे तुला सरांनी एकदा ओट्यावर बसून समजावलं होतं. समोर जमिनीखाली खड्डा असतो, त्यात यंत्र. आपण बंदूक खांद्याला लावून आवाज दिला की यंत्र बशीएवढी चकती हवेत फेकतं, डावीकडे, उजवीकडे की सरळ, ते आधी कळत नाही. ती लांब जायच्या आत दोन बारांत फोडायची. फुटली तर एक गुण, नाही तर शून्य. सगळ्या मुली एका रांगेत उभ्या, एकीचं झालं की दुसरी. ज्यांच्या चकत्या सगळ्यात जास्त फुटतील त्या अंतिम फेरीत. तू पदराला हात पुसत सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "म्हंजे मातीचा ताट फोरायचा, येवराच ना? मंग येवरी शिकवनी कशाला? घरान काय कमी फोरलीत तिना?" सर इतके हसले की त्यांचा चहा सांडला. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते तुला वहिनी म्हणायला लागले.

मग ती निवड झाली. अनेक देशांच्या, अनेक खेळांच्या स्पर्धा, आणि आपल्या देशाच्या मुलींच्या संघात मी. संघाचं जाकीट आलं ते पुरुषाच्या मापाचं. खांदा खाली उतरायचा, आणि बंदूक टेकते तिथली गादी दंडावर यायची. मी म्हटलं, बघू, तिकडे गेल्यावर बघू. तू ते जाकीट उचललंस आणि मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात निघालीस. लग्नाच्या बस्त्यासाठी इतकी वर्षं नवऱ्यामुलींना घेऊन तू तिथे जात होतीस की दुकानदार तुला लांबूनच हाक मारायचे. त्या जीन्स शिवणाऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सिंधी मास्तरनं जाकीट उलटंपालटं करून बघितलं. "माई, ये क्या चीज है? मछली पकड़ने का?" तू ताठ झालीस. "मछली कायकू? बंदूक चलाती मेरी लडकी. हिंदुस्तान के तरफसे जाती." मास्तरनं चष्मा कपाळावर सरकवला, आधी मला खालीवर बघितलं, मग मशीनवरच्या सगळ्या कारागिरांना हाका मारून मारून बोलावलं. मी जमिनीकडे बघत उभी. तू मात्र एखादं स्थळ दाखवावं तशी माझी ओळख करून देत होतीस.

खांदा आत घेतला, गादी वर सरकवली. मास्तर म्हणाला, खिसे फार मोठे आहेत, लहान करू का? खाली दोन्ही बाजूंना काडतुसांचे मोठे खिसे असतात. तू त्यात कोपरापर्यंत हात घालून बघितलास आणि म्हणालीस, "खिसा मत छोटा करो. खिसा अच्छा है." मला वाटलं, बाजाराच्या पिशवीची सवय, त्यातून बोलतेय. मास्तरनं जाकीट घडी करून तुझ्या हातात दिलं, आणि निघायच्या दिवसापर्यंत ते तुझ्याच कपाटात राहिलं.

निघतानाचा तमाशा आठवला की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. सगळी आळी अंगणात. तू दारात उभी राहून चक्क धवला सुरू केलास. मुलगी सासरी जाताना म्हणतात तसला, पण शब्द तिथल्या तिथे बदललेले, सासरच्या जागी परदेश आणि सासूच्या जागी बहुतेक सर. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या आणि रडतही होत्या. मी रिक्षात बसून मान खाली घातली. रिक्षा वळल्यावर मात्र मागे वळून बघितलं, तर तू अजून गातच होतीस.

तिकडे पहिल्या दिवशी सकाळी मी जाकीट चढवलं, काडतुसं भरायला उजव्या खिशात हात घातला आणि अगदी तळाशी काहीतरी लागलं. लाल कापडाची लहानशी पुरचुंडी. हळदीचा वास. कळायला क्षणही लागला नाही. गावदेवीच्या अक्षता, तू लग्नात वाटायचीस तशा, हळद-कुंकवात ओलवून वाळवलेल्या. सरांचा नियम होता, खिशात फक्त काडतूस. "रुमाल नको, चॉकलेट नको, देव नको," हे त्यांचं वाक्य संघातल्या सगळ्या मुलींना पाठ होतं. मी इकडेतिकडे बघितलं. सर पलीकडे परीक्षकांशी बोलत होते. मी पुरचुंडी होती तिथेच ठेवली आणि वर काडतुसं भरली. इतक्या अनोळखी लोकांत, त्या चकाचक मैदानात, माझ्या बोटांना आपल्या घराचा वास येत होता. मला ते फार आवडलं होतं, आये. त्या दिवशी मी जशी खेळले तशी आयुष्यात पुन्हा फार थोड्या वेळा खेळले. संध्याकाळी फलकावर वरच्या काही नावांत माझं नाव होतं. सरांनी पाठीवर थाप मारली नाही, पण जेवताना स्वतःच्या ताटातलं गोड माझ्या ताटात वाढलं.

दुसरा दिवस, शेवटची फेरी. आकाश स्वच्छ, मैदानाच्या कडेची झाडं चित्रातल्यासारखी स्थिर, सगळ्या देशांचे झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. सगळं नीट चाललं होतं. माझ्या शेजारच्या मुलीची चकती फुटली, माझी पाळी आली. मी खिशातून काडतुसं काढली, नळीत सरकवली, बंदूक मिटायला गेले. ती मिटेना. पुन्हा दाबली. अडली. पाळी आली की मोजक्या सेकंदांत आवाज द्यावा लागतो, परीक्षक मागे घड्याळ धरून बसलेला. मी बंदूक उघडली, काडतूस बाहेर ओढलं, आणि बघते तर त्याच्या पितळी कडेला एक लाल-पिवळा तांदूळ चिकटलेला. पुरचुंडीची गाठ रात्रीतून केव्हातरी सैल झाली असणार. हात वर करून परीक्षकाला सांगितलं असतं तर कदाचित वेळ मिळाला असता. पण सांगायचं काय आणि कुठल्या भाषेत? बंदुकीत तांदूळ आहे? मी नखानं तो उडवला, नळीत फुंकर मारली, काडतूस घातलं. यावेळी मिटली. खांद्याला लावली, आवाज दिला. चकती उजवीकडे निघाली आणि मी मान उचलून तिच्याकडे बघितलं. गाल बंदुकीच्या लाकडावरून सुटला की बार वरून जातो, हे मला झोपेतही माहीत होतं. पहिला बार गेला, दुसरा गेला. चकती तशीच जाऊन गवतात पडली, अख्खीच्या अख्खी.

पुढच्या सगळ्या फोडल्या. उपयोग नव्हता. फलकावर नावं लागली तेव्हा अंतिम फेरीतली शेवटची मुलगी माझ्यापेक्षा एका चकतीनं पुढे होती. ती माझी चकती फुटली असती तर आम्हा दोघींत पुन्हा सामना झाला असता, मग जे व्हायचं ते झालं असतं. बंदूक कशानं अडली ते बघायला सरांनी माझा खिसा उलटा केला. अक्षता त्यांच्या बुटांवर सांडल्या. त्यांनी त्या बघितल्या आणि एवढंच म्हणाले, "तांदळानं फक्त वेळ घेतला. मान तू उचललीस." बरोबर होतं ते. मी ते तेव्हाच मान्य केलं आणि आजही करते. मग त्यांनी वाकून एकेक दाणा वेचला आणि कापडात बांधून मला परत दिला. देव नको म्हणणारा माणूस.

आता फोन. तो फोन मला रोज आठवायचा, आये. आपल्या घरी आळीतल्या बायका जमलेल्या, मागे गलका, आणि तुझा आवाज तर फोन नसता तरी मला ऐकू आला असता. मी म्हटलं, नाही झालं गं, एका चकतीनं गेलं. मागचा गलका थांबला. मग तू हळूच विचारलंस, आणि तू हळू बोललीस की मला नेहमीच भीती वाटायची, "बाय, खिशान ठेवलेला तां होता ना तुजेबरोबर? काढला तं नाय ना कोनी?"

आम्ही उतरलो होतो तिथल्या लांबलचक ओसरीत मी भिंतीला टेकून उभी होते. पुरचुंडी मुठीत होती. खरं बोलले असते तर काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. सरांचं ते मान उचलल्याचं वाक्य तुला कुणीही आणि कितीही समजावलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. सगळं स्वतःवर घेतलं असतंस. धवला गायचा सोडला असतास, कुणाच्या लग्नात अक्षतांना हात लावला नसतास. बाबा गेल्यावर तू महिनाभर गायली नव्हतीस, ते घर मी पाहिलं होतं. पदक गेलं ते गेलं, तुझा गळाही घालवायचा? मी म्हटलं, "होता, आये. शेवटपर्यंत माझ्याजवळच होता."

"मंग?"

"हवा आली."

"हवा?"

"हां. शेवटी शेवटी हवा सुटली. चकती वाकडी गेली."

मग तुझा नेहमीचा आवाज परत आला. "हवा आली मंग कोन काय करनार? जेवलीस का?"

मी आले तेव्हा अंबरनाथ स्टेशनापासून घरापर्यंत जो भेटला त्यानं मला हवेबद्दलच विचारलं. तू आधीच सगळीकडे पेरून ठेवली होतीस. पहिल्या लग्नसराईत हवा बेताची होती. दुसऱ्या वर्षी बदलापूरकडच्या एका हळदीला मी तुझ्याबरोबर आले होते. दोन गाण्यांच्या मध्ये बायकांनी विषय काढला आणि तू हळदीनं भरलेले हात हवेत नाचवत सुरू झालीस. "अशी हवा सुटली, अशी हवा सुटली का त्या निशानवाल्या सायबाची टोपी उराली! टोपीचे मागं सायब, सायबाचे मागं शिपाय! आन माजी पोर मधी उभी, हालली नाय. चकती काय करल मंग? ती गेली हवेबरोबर." बायका थक्क. मी मान खाली घालून वडा खात होते आणि तो घशाखाली उतरत नव्हता. तिसऱ्या वर्षी छत्र्या उलट्या झाल्या. पुढे कधीतरी एका परदेशी बाईचा केसांचा टोपही गेला. मला वाटायचं, बिचारी आई, माझ्या एका खोट्यावर किती भाबडा विश्वास ठेवून बसलीय. तुला थांबवावं असं खूपदा मनात आलं, पण थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

आणि दुसरी एक गोष्ट मला लागली होती, ती तुला कधी बोलले नाही. त्या स्पर्धेनंतर तू मला काही देईनाशी झालीस. मी कुठेही खेळायला निघाले की तू दारात यायचीस, हात पाठीमागे बांधून. अंगारा नाही, अक्षता नाहीत, साधी भाकरीसुद्धा बांधून देत नव्हतीस, "तिकरंच काय तां खा" म्हणायचीस. धवला तर नाहीच. मी जाकिटाचे खिसे चाचपून बघायचे, दर वेळी रिकामे. मी समजले, आईचा माझ्यावरचा भरवसा संपला. बांधावर करवंट्या फेकणारी बाई आता दारात परक्यासारखी हात मागे घेऊन उभी राहते, याचा दुसरा काय अर्थ काढायचा मी? पुढे दुसऱ्या एका स्पर्धेत पदक मिळालं, मी फोन केला, आणि आनंद व्हायच्या आधी तू विचारलंस, "हवा कशी होती?" मी म्हटलं, "नव्हती, आये." तू म्हणालीस, "मंग बरा." बस, एवढंच. त्या रात्री मला पदकाचा आनंद धड झाला नाही.

शेवटच्या आजारात तू उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात होतीस तेव्हा तुझा आवाज गेला होता. तुझा आवाज! मच्छर म्हणावं तर तेवढाही नाही. सलाईन बदलायला येणाऱ्या मुलीनं मला ओळखलं, कुठेतरी फोटो पाहिला असेल. तुझी कळी खुलली. तू तिला जवळ बोलावलंस आणि एकेक शब्द ओढत हवा सांगायला लागलीस. अर्ध्यावर दम लागला. मग माझ्याकडे मान वळवलीस. "सांग गो बाय तिला. उराली का नाय टोपी?"

"उडाली, आये," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर उडाली."

तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि हसलीस. मला वाटलं, समाधानानं हसलीस. ती नर्सबाईही हसली. दोन दिवसांनी तू गेलीस.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी खेळायचं थांबवलं, मुलींना शिकवायला लागले. सर थकलेत, बदलापूरच्या घरी खुर्चीत बसून असतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. बोलता बोलता तुझा विषय निघाला, आणि मी हसत हसत त्यांना म्हटलं, आईनं शेवटपर्यंत ती हवा काही सोडली नाही हो, बिचारीला कधी कळलंच नाही. सर म्हणाले, "वहिनींना सगळं ठाऊक होतं. तू परत यायच्या आधीपासून."

तू त्यांना फोन केला होतास. माझा फोन ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी, शेजारच्या पोरीकडून नंबर लावून घेऊन. सरळ विचारलंस, हवा किती होती? आणि सरांना खोटं बोलता येत नाही, त्यातून त्यांना माझी भानगड काय माहीत? ते म्हणाले, हवा कसली वहिनी, झाडाचं पान हलत नव्हतं. मग तू एकेक प्रश्न विचारत गेलीस आणि त्यांनी एकेक उत्तर दिलं, बंदुकीत अडकलेल्या तांदळापर्यंत. मान मी उचलली हेही त्यांनी तुला सांगितलं, शपथेवर सांगितलं म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस. आणि मग त्यांच्याकडून वचन घेतलंस. सरांना तुझे शब्द अजून पाठ आहेत, तुझ्यासारखे हेल काढून म्हणून दाखवले त्यांनी: "तिला सांगू नका मना समाजला तां. पोरीनं माजेसाठी हवा आनली हाय. आता ती हवा मी परू देनार नाय."

मी तिथून उठून त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. आधी काय आठवलं असेल? टोपी नाही, छत्र्या नाहीत. दारात पाठीमागे बांधलेले तुझे हात. तुझा भरवसा माझ्यावरचा नाही, तुझ्या स्वतःच्या हातांवरचा उडाला होता. पुन्हा काही दिलं आणि पुन्हा काही झालं तर, म्हणून तू ते हात माझ्यापासून लांब धरून ठेवत होतीस. आणि मी इतकी वर्षं रिकामे खिसे चाचपत तुझ्यावर रुसून होते. तू मात्र त्याच हातांनी मांडवात हवा उडवत होतीस, मला पटावं की तुला काही कळलेलं नाही.

मला तुझा राग आला, आये. खरंच आला. सरांचा नाही, तुझा. तू लग्नाच्या मांडवात कुणाचं गुपित ठेवलं नाहीस, नवऱ्यामुलाच्या आत्याचं वय चारचौघांत गाण्यात घालून सांगायचीस, आणि हे एवढं मोठं पोटात ठेवून गेलीस? एकदा तरी म्हणायचंस, पोरी, पुरे कर. तो वडा माझ्या घशात अडकला होता तेव्हा तुला किती हसू येत असेल! ते एकटीनंच हसलीस. मला बरोबर घेतलं असतंस तर आपण दोघी ओट्यावर बसून पोट धरधरून हसलो असतो, भात कापल्यावर हसायचो तशा. ते हसायचं राहिलं. त्याचं मला पदकापेक्षा जास्त वाईट वाटतं. आणि दवाखान्यात तू माझ्याकडे वळून विचारलंस तेव्हा, आता कळतंय, तू मला विचारत नव्हतीसच. तू मला शेवटची संधी देत होतीस, आणि मी आपली टोपी उडवून मोकळी झाले.

हे सगळं तुला कळवायचं कुठे? कुठे कळवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. हे ऐकून तुला लगेच कळलं असतं की मला कळलं, आणि मग तू तुझी ती हवा बंद केली असतीस. ती बंद झालेली मला चालणार नाही. कागद घडी करून माझ्याजवळच ठेवते.

फक्त एक सांगते. मी शिकवते त्या मुली मधूनमधून विचारतात, मॅडम, तेव्हा तुमची अंतिम फेरी कशी हुकली? त्यांना मान उचलल्याचं सांगायला हवं, त्यातून त्या काहीतरी शिकतील. परवा एकीनं पुन्हा विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, आणि आये, मी त्या हवेत तंबूच उडवला. साहेबासकट.